अठरा पायल्या

दिग्गीच्या अलीकडं, रानाच्या पोटात आमची वाडी. तिथं त्या काळी तराजू नव्हता. तराजू होता तो सुप्याच्या दुकानात, आणि सुप्याला जायचं म्हणजे नदी उतरून, रान तुडवून जायचं. वाडीत सगळं मापानं चालायचं. साळ मापानं, तांदूळ मापानं, नाचणी मापानं, मीठसुद्धा मापानं. येसाजी आज्जाच्या घरी फणसाच्या लाकडाची एक पायली होती, ती सगळ्या वाडीची. पहिलं माप ओतताना 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. मग दोन, तीन, चार. आणि प्रत्येक मापावर शीग चढवायची, म्हणजे पायलीच्या तोंडावर दाण्यांचा ढीग आपसूक ओघळेपर्यंत भरायचं. तोलायचं काही नाहीच. तोलायचं ते फक्त लेकरू, आणि तेही नवसाचं असेल तर, जन्मात एकदा, सातेरीदेवीच्या पुढ्यात.

ह्या एका रीतीपायी रुक्माचा जीव टांगणीला लागला होता.

मानमोडीचं साल. ताप यायचा, माणूस मान टाकायचा आणि परत उचलायचा नाही. रुक्माचा नवरा लखू दिवाळीच्या तोंडावर गेला. त्याला पोचवून माणसं परत येतात तोवर सात वर्षांची केशर अंथरुणावर पडलेली, अंग तव्यासारखं. रुक्मा तशीच अनवाणी राईत पळाली. सातेरीचं वारूळ तिथंच, मोठ्या झाडांच्या सावलीत. तिनं मातीत कपाळ टेकलं आणि जे बोलायची रीत होती तेच बोलली, "आये, माजी केशर ठेव. तिच्या भारंभार तांदूळ घालीन. तुज्या हंड्यातला पयला घास पडल्याबिगर तिच्या तोंडाला तांदूळ लावणार न्हाई."

ताप उतरला. केशर राहिली. देवीनं आपलं काम केलं, ह्यात मला काही शंका नाही. पुढचा घोळ माणसांनी घातला.

वाडीत कापणीला हात उरले नव्हते. निम्मं पीक गव्यांनी खाल्लं, उरलेलं रानडुकरांनी लोळून बसवलं. रुक्माच्या हाती जे लागलं ते कांडून तांदूळ झाला नऊ पायल्या. शिवाय चुलीवर टांगलेली बियाण्याची एक मुडी होती, गवताच्या पेंढ्यात घट्ट वळून बांधलेली साळ. ती पुढच्या पेरणीची. तिला कुणी हात लावत नसतं.

लखूचे दिवस झाल्यावर रुक्मा येसाजी आज्जाकडं गेली. वाडीतला सगळ्यात जुना माणूस तो. रीत काय, कुणाच्या तुळेला काय झालं, सगळं त्याला पाठ. तो पडवीत बसला होता. शेजारी त्याच्या मुलाची, गुणाची, चटई अजून तशीच पसरलेली होती. गुणाही त्याच तापात गेला होता, ना बायको ना पोर मागं ठेवून.

"आज्जा, केशरच्या तुळेला किती तांदूळ लागंल?"

येसाजीला विचार करावा लागला नाही. हा आकडा तो वर्षानुवर्षं सांगत आला होता. "माज्या गुणाची तुळा केली तवा गुणा सात वर्साचा. केशरएवढाच, अंगानं तसाच. अठरा पायल्या लागल्या. शीग लावून, अठरा."

"अठरा?" रुक्मा खालीच बसली. "माज्याकडं नऊ हायत."

"मग जमव, बाय."

"कमी पडलं तर?"

"तांदळाची पाटी वर ऱ्हायली तर देवी घेत न्हाई. फुडच्या पुनवंपातूर थांबायचं, परत तोलायचं."

"म्हणजे तवर पोरीला पेज न्हाई?"

"रीत मी केली न्हाई," येसाजी म्हणाला. कठोरपणानं नाही म्हणाला, थकून म्हणाला. "अठरा पायल्यांचा माजा गुणा," एवढं तो चटईकडं बघत पुटपुटला.

रुक्मानं घाबरत घाबरत एकच विचारलं, "घरीच एकदा अंदाजानं तोलून बघू का?"

"खुळी हायस का? देवीच्या आदी लेकरू तोललं की खंगतं."

खंगायचं काय बाकी राहिलं होतं, हे येसाजीनं एकदा येऊन बघायला हवं होतं. पण मूल गमावलेल्या म्हाताऱ्याशी त्याच्या मुलाच्या आकड्यावरून वाद कोण घालणार? रुक्मानं घातला नाही. वाडीत कुणीच घातला नाही.

आता घरात नऊ पायल्या तांदूळ, आणि त्याच घरात पोर उपाशी. मला ह्या गोष्टीचा अजून राग येतो. तांदळाचं मडकं केशरच्या उशापासून हातभर अंतरावर. कुमरी, म्हणजे रान जाळून करायची फिरती शेती, बंद झाल्यापासून नाचणी कुणाकडं फारशी नव्हतीच, होती ती पहिल्या काही दिवसांत संपली. उरले कंद. रुक्मा रानातून कणगी खणून आणायची, कोनं आणायची, उकडायची, बोटांनी मऊ करून भरवायची. धडधाकट माणसाला कंद चालतात, आमच्या कितीतरी पिढ्या त्यावर जगल्या. तापातून उठलेल्या आतड्याला ते सोसेनात. केशर दोन घास गिळायची आणि तीन घास बाहेर काढायची.

"आये, कुणाकडं पेज शिजतीया गं?" ती पडल्या पडल्या विचारायची. नाक मात्र तिचं तापानं नेलं नव्हतं.

"कुणाकडं न्हाई. झोप."

"पुतळामावशीकडं शिजतीया. मला वास येतोय."

पुतळी ही शेजारीण. तोंडानं फटकळ, रुक्मापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेली. वास येतोय हे तिला कळल्यापासून ती आपली चूल मागच्या अंगाला, वाऱ्याच्या पलीकडं मांडायला लागली. आणि एक दिवस पदराखाली दोन पायल्या तांदूळ घेऊन आली.

"शीग मागू नको," ती दारातूनच म्हणाली. "माज्या घरात पण तोंडं हायत. सपाट भरलंय, सपाटच घे."

रुक्मा तिच्या पाया पडायला वाकली तेव्हा पुतळीनं तिला खांद्याला धरून उभी केली आणि शिवी घातली. अकरा झाल्या. बाकीच्या घरांतून मूठ मिळाली, पसा मिळाला, त्याचा कुठं लाभसुद्धा मोजून होत नव्हता. पुतळीच्या सपाट मापांची कसर तेवढी भरून निघाली.

रोज सकाळी ऊन अंगणात आलं की रुक्मा केशरला उचलून बाहेर आणायची आणि भिंतीशी टेकवून बसवायची. एके सकाळी उचलताना तिला पोरगी कालच्यापेक्षा हलकी लागली. आणि रुक्माच्या मनात आलं, पायलीभर कमी लागेल.

हे मनात आलं, आणि तिला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, क्षणभर. मग तिला कळलं आपल्याला काय वाटलं ते. तिनं केशरला खाली ठेवलं, घराच्या मागं गेली आणि आपल्या हातानं आपल्या थोबाडीत मारून घेतल्या. पण दुसऱ्या दिवशी उचलताना हात परत तोच हिशेब करू लागले. मन आवरलं तरी हातांना आवरता येईना. पोर जसजशी वाळत होती तसतसा नवस आवाक्यात येत होता, आणि नवस फिटेपर्यंत पोर वाळत राहणार होती. ह्यातून बाहेर पडायची वाट रुक्माला दिसत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मलाही दिसली नसती.

त्याच दिवसांत एकदा उंदरांच्या भीतीनं तिनं सगळा तांदूळ एका पोत्यात भरला आणि माळ्यावर चढवायला म्हणून कडेवर घेतला, नेमका तिथंच जिथं सकाळी केशरला घेतली होती. ती थबकली. पोतं केशरपेक्षा जड लागत होतं. तिनं पोतं खाली ठेवलं, आत जाऊन केशरला उचललं, परत ठेवलं, परत पोतं उचललं. जडच.

पण अकरा म्हणजे अठरा नव्हेत. येसाजी आज्जा खोटं सांगणार नाही, पायली खोटं सांगणार नाही. मग खोटं कोण? आपला हात. उपाशी बाईच्या हाताला ओझं जड लागणारच, असं तिनं स्वतःला समजावलं आणि पोतं माळ्यावर ढकललं.

पौषाची पुनव जवळ आली. ती चुकली तर आणखी एक महिना, आणि केशरकडं बघून कुणीही सांगितलं असतं की महिना तिच्याजवळ नाही. रुक्मानं चुलीवरची मुडी खाली काढली आणि कोयत्यानं पेंढा फोडला.

मुसळाचा आवाज ऐकून पुतळी धावत आली. "रुक्मे, काय कांडतीस?"

"बी."

पुतळी मटकन उंबऱ्यावर बसली. "डोस्कं फिरलं का तुजं? पावसाला शेतात काय टाकशील? माती?"

"शेतात टाकायला मागं कोन ऱ्हायला पायजे का नको, पुतळाक्का? कुणासाठी पेरू?"

पुतळी उठली, दुसरं मुसळ घेतलं आणि समोर उभी राहिली. दोघींनी मिळून बियाणं कांडलं. मुडीत सहा पायल्या साळ होती; तूस पाखडून गेलं, कोंडा गेला आणि खाली राहिला तांदूळ तीन पायल्या. साळीचं असंच असतं. भरलेली दिसते, कांडली की निम्मी. ती निम्मी होताना दोघींनी डोळ्यांनी बघितला, आणि दोघींच्याही काही ध्यानात आलं नाही. मी त्यांना नावं ठेवत नाही. जन्मभर मापानं मोजणाऱ्याला पायलीभर साळ आणि पायलीभर तांदूळ, दोन्ही पायलीच.

चौदा झाल्या. चार कमी.

पुनवेच्या आदल्या दिवशी केशरनं पेज मागितली नाही. सकाळी नाही, दुपारी नाही. पुतळी मुद्दाम पेजेचं भांडं घेऊन अंगणातून गेली, तरी पोरीनं मान वळवली नाही. रुक्मा तिच्या तोंडावर वाकून म्हणाली, "केशर, कुणाकडं शिजतीया सांग बघू?" केशर नुसती बघत राहिली. तिची कटकट आईला नकोशी झाली होती, आता ती थांबली तर रुक्मा तशीच उठली.

ती ओढ्यावर गेली. पाण्यातले गुळगुळीत गोटे एकेक करून हातात घेतले, खालीवर करून पाहिले. पायलीभर तांदळाच्या भाराचा एकेक, असे चार निवडले. धुतले, पदराला पुसले. आपण काय करतोय हे तिला पुरतं ठाऊक होतं. देवीनं पोर दिली आणि आपण तिला दगड देतोय. 'दे शाप,' ती ओढ्याकाठी मोठ्यानं म्हणाली, 'मला दे. पोरीनं काय तुजं वाकडं केलं न्हाई.' मग घरी येऊन तिनं वेताच्या पाटीच्या तळाशी गोटे मांडले, वर चौदा पायल्या तांदूळ ओतला, आणि त्यावर कुंभ्याची पानं झाकली.

पुनवेला, उन्हं कलायच्या आधी, सगळी वाडी राईत जमली. सगळी म्हणायची ती आता मूठभरच होती. दोन गड्यांनी मोठ्या झाडाच्या फांदीला दोर टाकून सरळ बांबू आडवा बांधला होता. बांबूच्या एका टोकाला तांदळाची पाटी, दुसऱ्या टोकाला रिकामी. त्या रिकाम्या पाटीत घोंगडी घालून रुक्मानं केशरला बसवली. पोरीचे हात दोरावर ठेवले, तर ते घसरून मांडीवर पडले. परत ठेवले.

"वडा," येसाजी म्हणाला.

गड्यांनी दोर ओढला. बांबू उचलला गेला, आणि तांदळाची पाटी जमिनीवरच राहिली. केशरची पाटी भुर्रकन वर गेली, इतकी वर की एका गड्यानं धावून ती धरली. केशरच्या तोंडून आवाज निघाला. भीतीचा होता, पण आवाज होता.

"पावली! सातेरी पावली!" बायका ओरडल्या. पुतळी रडायलाच लागली.

रुक्माची नजर मात्र पानांनी झाकलेल्या पाटीवर गेली. कारण पाटी जड झाली की काय करायचं तेही रीतीत ठरलेलं होतं. देवीला कमी चालत नाही, तसं जास्तही चालत नाही. दोन्ही पाट्या एका पातळीत येईपर्यंत वरचा तांदूळ काढायचा. काढायचा येसाजीनं, त्याच्या पायलीनं.

येसाजी पाटीशी मांडी घालून बसला, पानं बाजूला केली आणि पायली तांदळात खुपसली.

"लाभ."

शेजारी पसरलेल्या धोतरावर तांदूळ पडला. गड्यांनी दोर ओढून पाहिला. पाटी हललीसुद्धा नाही.

"दोन. तीन."

अजून नाही. रुक्माला समजेना. चार गोटे म्हणजे चार पायल्या, सगळं मिळून कसंबसं अठराला पोचावं असा तिचा हिशेब. मग तीन काढूनही पाटी जमीन सोडत कशी नाही? तांदूळ खाली खाली जात होता. तिला पुढं होऊन म्हाताऱ्याचा हात धरावासा वाटला.

"चार. पाच. सा—"

खट्.

पायलीची कड दगडावर आपटली. येसाजीचा हात थांबला. त्यानं पायली बाजूला ठेवली, बोटं तांदळात घातली, चाचपली. मग मान वर करून रुक्माकडं बघितलं. सगळ्या वाडीनं ते बघणं पाहिलं. लपवण्यासारखं काही राहिलंच नाही, कारण म्हाताऱ्यानं गोटा उचलून सगळ्यांसमोर बाहेर काढला होता. पुतळीनं तोंडावर हात नेला.

"आज्जा," रुक्मा म्हणाली. तिला पुढं सांगायचं होतं की मीच घातला, मला बाहेर टाका, पण पोरीला घास द्या. पण म्हाताऱ्यानं तिला बोलूच दिलं नाही.

"धडा हाय ह्यो," येसाजी मोठ्यानं म्हणाला. "ह्या पाट्या सारख्या भाराच्या न्हाईत. म्हणून हलक्या पाटीत मीच धडा घातला सकाळी. काढायचा इसरलो. म्हातारा झालो."

पाट्यांचा भार सारखा करायला हलक्या बाजूला दगड ठेवतात, हे खरंच आहे. पण एक ठेवतात, लहानसा. येसाजीनं एकामागून एक चार गोटे काढले, प्रत्येक वेळी तोंड अगदी सरळ ठेवून. ह्यावर शेंबडं पोरसुद्धा विश्वास ठेवणार नाही. पण वाडीत एकानंही तोंड उघडलं नाही. गोटे त्यानं आपल्या मांडीमागं सारले, काढलेला सगळा तांदूळ परत पाटीत ओतला आणि म्हणाला, "आता वडा."

रुक्मानं डोळे मिटले. दगड गेले, आता पाटी वर राहणार. पुढची पुनव.

धपकन आवाज झाला. तिनं डोळे उघडले. तांदळाची पाटी परत खालीच होती आणि केशर वर.

येसाजीनं परत मोजायला घेतलं. लाभ, दोन, तीन. चौथी पायली काढली तशी पाटी जमिनीवरून सुटली, डुलली, आणि दोन्ही टोकं एका पातळीत येऊन थांबली.

"चौदातल्या चार गेल्या," पुतळी म्हणाली. "धा? धाच?" येसाजीनं पाटीतून मूठभर तांदूळ घेतला, तळहातावर चोळला आणि पाखडताना फुंकतात तशी फुंकर घातली. काहीच उडालं नाही. तो त्या तळहाताकडं बघतच राहिला. त्याचा चेहरा बघता बघता उतरला.

"गुणाच्या डोळ्यात तूस गेलं हुतं," तो हळू म्हणाला. रुक्मा जवळ होती, तिलाच ऐकू आलं. "मी पाटी वतताना. किती रडला हुता."

"कसलं तूस? तांदळात तूस कुटलं आलं, आज्जा?"

"तांदूळ न्हवता, रुक्मा. साळ हुती. तवा साळच तोलायचो. मग बायका हितंच कांडायच्या आन हंडा चढवायच्या. अठरा पायल्या साळ हुती ती."

साळीच्या पायलीत टरफल किती, दोन दाण्यांमधली पोकळी किती! वाऱ्यानंच अर्धी भरलेली असते ती. तांदूळ दाटून बसतो, त्याच पायलीत कितीतरी जास्त भार मावतो. आता हे सगळ्यांनाच कळतं. त्या दिवशी रुक्माला कळलं ते असं: अकरा. पुतळीनं दोन पायल्या आणल्या, अकरा झाल्या, पोतं कडेवर जड लागलं, तो दिवस. तेव्हाच पुरे होतं. मुडी फोडायच्या आधी. केशर अजून पेज मागत होती तेव्हा.

त्या घटकेला तिनं येसाजीचा गळा धरला असता. एका हातात तिनं ओढ्यातला गोटा उचललाही होता, हे पुतळीनं पाहिलं. मग पाटीत बसलेल्या केशरची मान एका बाजूला कलली, आणि रुक्मानं गोटा टाकला.

"हंडा चढवा!" ती किंचाळली. "बघता काय सगळी? चढवा हंडा!"

पुतळीनं आधी पाणी ठेवलं होतं म्हणून बरं. तिनं सगळ्या हंड्याची वाट बघितली नाही; पसाभर तांदूळ लहान मडक्यात वेगळा टाकला, भरपूर पाण्यात रटरटवला, पळीनं घोटून घोटून लगदा केला. येसाजीनं त्यातला थेंब वारुळावर सोडला. रुक्मानं केशरला मांडीवर घेतलं आणि पहिला घास बोटावर घेऊन तिच्या जिभेवर ठेवला.

केशरनं तो तोंडात धरून ठेवला. गिळेना.

"गीळ गं बाय," रुक्मा म्हणाली. "गीळ माजे आये. तुजीच हाय ही पेज."

घसा हलला. दुसरा घास गेला. तिसऱ्यानंतर तिनं तोंड फिरवलं, आणि रुक्माला वाटलं, झालं, उशीर झाला. पण केशर नुसती दमली होती. थोड्या वेळानं तिनंच बारीक आवाजात विचारलं, "आये, उद्या पण देवीकडंच यायचं पेजंला?"

"न्हाई. उद्या आपल्या घरातली."

रुक्मा तेव्हा रडली. लखूला नेलं तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

हंडा शिजला, वाडीनं पानं मांडली. उरलेल्या चार पायल्या रीतीप्रमाणं आईच्या. पुतळीनं त्या पोत्यात भरून रुक्माच्या पुढ्यात ठेवल्या. हिशेबानं त्यातल्या तीन बियाण्याच्या. दाणे पांढरे, स्वच्छ, टपोरे होते. कांडलेला तांदूळ कितीही चांगल्या मातीत टाका, उगवत नाही. रुक्मा त्या पोत्याकडं बघत बसली आणि पावसाळ्यात आपलं शेत कसं दिसेल ते तिला दिसत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात केशरला पेज भरवत होती, तेव्हा येसाजी आला. खांद्यावर मुडी होती. त्याला ती झेपत नव्हती, वाटेत दोनदा टेकवली असावी, पेंढ्याला माती लागली होती. त्यानं ती उंबऱ्याशी उतरवली आणि उभाच राहिला.

रुक्मा उठली नाही. बस म्हणाली नाही. पेज ढवळत तिनं विचारलं, "मोजून आणलीसा का तोलून?"

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. मग म्हणाला, "माज्या शेताचं बी हाय. साळ. ऱ्हाऊ दे तुला." आणि पेंढ्यावरची माती झाडत, "गुणाला आता पेरायला लागत न्हाई."

केशर त्याच्याकडं टकमक बघत होती. रुक्मानं आतून दुसरी वाटी आणली, मडक्यातली पेज त्यात ओतली आणि त्याच्याकडं सारली. तो अंगणाच्या कडेला बसून प्याला, वाटी धुऊन पालथी ठेवली आणि गेला. रुक्मानं त्याला माफ केलं असं मी म्हणणार नाही. तिनं तसं कधी म्हटलं नाही, आणि त्यानंही मागितलं नाही.

मुडी मात्र तिनं आत घ्यायची ठरवली. चुलीवर टांगायच्या आधी तिनं ती एका कडेवर घेतली, दुसऱ्या कडेवर केशरला घेतलं, आणि डोळे मिटून दोन्हींचा भार हातांनी जोखत दारात कितीतरी वेळ उभी राहिली.